पडशी आणि पाठपिशवी

रात्री साडेनऊनंतर सांगलीहून फोन आला, की घरात काहीतरी बिनसलंय एवढं मला न सांगता कळतं. भाऊ एरवी रविवारी सकाळी, दुसरा चहा झाल्यावर फोन करतो. त्या दिवशी बुधवार होता आणि घड्याळात पावणेदहा वाजले होते.

"ताई, तुझी भाची गोकर्णला निघालीय म्हणे."

"चांगलं आहे की! देवाला चाललीय."

"देवाला कसली! पाठीवर ती भलीमोठी पिशवी टाकून, एकटी. राहणार कुठं विचारलं तर म्हणते, 'तिथं गेल्यावर बघू.' तुझ्या गावात आहे ती, तूच समजाव. तुझं ऐकते."

आपलं कुणीतरी ऐकतं, हा गैरसमज प्रत्येक आत्याला सुखाचा वाटतो. मीही "बघते" म्हणून फोन ठेवला.

खरं सांगायचं तर गोकर्ण हे नाव आमच्या घराला मुळीच परकं नाही. आजोबा गुरुचरित्राचं पारायण करायचे. त्याच्या सहाव्या अध्यायात रावण आत्मलिंग घेऊन निघतो आणि बालगणपती ते गोकर्णाच्या किनाऱ्यावर टेकवतो. सातवा अध्याय तर सगळा गोकर्णाच्या महिम्याचाच. श्रीपाद श्रीवल्लभांनी तिथं तीन वर्षं वास्तव्य केलं, हेही आम्ही त्या पोथीतूनच ऐकलेलं. आई श्रावणात शिवलीलामृत वाचायची, त्याच्या तिसऱ्या अध्यायातही गोकर्ण. म्हणजे मुंबई हे नाव कानावर पडण्याआधी आम्हा भावंडांच्या कानावर गोकर्ण पडलं होतं. पण गंमत अशी, की तीन पिढ्यांत तिथं गेलं मात्र कुणीच नाही. आजोबांचं "यंदा जाऊ" राहूनच गेलं. तेव्हा भावाचा राग गोकर्णावर नव्हता. तो होता 'एकटी' या शब्दावर आणि त्या पाठीवरच्या पिशवीवर.

आता या पिशवीचं मूळ कुठं, तर ते आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर!

आम्ही म्हैसूरला गोकुलम भागात राहतो. नोकरीच्या निमित्तानं इथं आलो आणि इथलेच झालो. गावाचं अधिकृत नाव २०१४ पासून 'मैसूरु' झालं असलं, तरी आपल्या मराठी तोंडाला म्हैसूरच बरं वाटतं. हे गाव दसऱ्याच्या मिरवणुकीसाठी, मोगऱ्यासाठी आणि विड्याच्या पानासाठी सगळ्यांना माहीत असतं. पण परदेशातल्या बऱ्याच लोकांना ते माहीत आहे योगासनांसाठी. १९३० च्या दशकात महाराजा कृष्णराज वोडेयर चौथे यांच्या आश्रयानं टी. कृष्णमाचार्य इथल्या जगनमोहन राजवाड्यात योगशाळा चालवत. त्यांचे शिष्य के. पट्टाभी जोईस हे आधी लक्ष्मीपुरममध्ये शिकवत. २००२ मध्ये त्यांची शाळा गोकुलमला आली. २००९ मध्ये ते गेले. पण आजही पहाटे चार-साडेचारला, दूधवाल्याच्या आधी, खांद्यावर चटई टाकलेली गोरी माणसं आमच्या गल्लीतून जाताना दिसतात. गल्लीतल्या अनेक घरांच्या वरच्या खोल्या त्यांना भाड्यानं दिलेल्या असतात. आमचीही आहे.

त्या वर्षी आमच्याकडे पोर्तुगालची एक मुलगी होती. तीन महिन्यांसाठी आलेली. आणि तिचं सगळं सामान एका पाठपिशवीत! मी सांगलीला चार दिवस जायचं म्हटलं तरी दोन बॅगा, एक पिशवी आणि वर बाटलीतलं लोणचं निघतं. दर रविवारी भाची वसतिगृहातून आमच्याकडे जेवायला येते. तिची आणि या मुलीची गच्चीवर मैत्री जमली. म्हैसूरचं शिक्षण आटोपलं की ही योगवाली मंडळी चार दिवस समुद्रावर जातात आणि त्यांच्यातल्या कित्येकांचा तो समुद्र म्हणजे गोकर्ण. झालं! बावीस वर्षांच्या पोरीला आणखी काय हवं?

मी तिला समजवायला बसले. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "आत्या, मी आजवर एकटी कुठंच गेले नाही. शाळेत बाबा सोडायला, कॉलेजात मैत्रिणी, म्हैसूरला तू. कुणी बघत नसताना मी कशी वागते, हे मलाच माहीत नाही."

यावर काय उत्तर द्यायचं? मला तर एकसष्टाव्या वर्षीही ते माहीत नव्हतं.

मग आमच्यात तह झाला. मी बरोबर जायचं. पण तिच्या पद्धतीनं. पाठीवर एकच पिशवी. पहिल्या रात्रीपुरती खोली ठरवायची, पुढचं तिथं बघायचं. हॉटेलची गाडी नाही, "माझ्या गुडघ्याचं काय?" ही तक्रार नाही. यजमान म्हणाले, "जा, पण परत आल्यावर मला पाय चेपायला सांगू नकोस." भावाला मी कळवलं, "मी आहे बरोबर. जबाबदारी माझी." हे वाक्य मी किती सहज बोलून गेले होते, ते पुढं कळलं.

पिशवी भरणं हा एक सोहळाच झाला. भाचीनं नियम सांगितला, की पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. मी भरलेल्या पिशवीतून तिनं एकेक वस्तू बाहेर काढली: दुसरी चादर, तिसरी साडी, लाडवांचा डबा, इस्त्री केलेला टॉवेल. "टॉवेल वाळत नाही आत्या, जड होतो. पातळ काहीतरी घे." मी कपाटातून एक जुना पंचा काढला, आणि हातात घेतल्याबरोबर मला आजोबा आठवले.

आजोबा दर पौर्णिमेला सांगलीहून नरसोबाच्या वाडीला पायी जायचे. खांद्यावर पडशी. पुढच्या खणात दशम्या, चटणी आणि तांब्या. मागच्या खणात पोथी, पंचा आणि एक धोतर. वाटेत रात्र झालीच तर देवळाच्या ओवरीत पथारी. मुक्काम 'बुक' केलेला नाही, परतीची वेळ ठरलेली नाही. त्यांना कुणी विचारलं नाही, की "राहणार कुठं?" आपले वारकरी, आपल्या परिक्रमावासी बायाबापड्या, सगळे असेच तर निघत आले. आपण या पोरांना 'बॅकपॅकर' म्हणतो आणि नाक मुरडतो. पण पाठीवर घर घेऊन निघायची रीत आपल्याला काही त्यांनी शिकवलेली नाही. फरक एवढाच, की आजोबा पुरुष होते.

तर २०२५ च्या जानेवारीतल्या एका रात्री दोन पाठपिशव्या घेऊन आम्ही आत्या-भाची बसमध्ये चढलो. हुणसूर, मडिकेरी करत घाट उतरून पहाटे मंगळूर. म्हैसूर ते मंगळूर साधारण अडीचशे किलोमीटर. तिथून कोकण रेल्वेची मडगावकडे जाणारी गाडी, जी लहान-मोठ्या सगळ्या स्टेशनांवर थांबते. रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा हा मार्ग १९९८ च्या जानेवारीत पूर्ण खुला झाला. एके काळी या किनाऱ्यावरचा प्रवास म्हणजे खाडी आली की तर, नाहीतर वळसा. होन्नावरला शरावती नदीवरचा पूल लागला. दोन किलोमीटरहून लांब, कोकण रेल्वेवरचा सगळ्यांत लांब. खाली खाडीच्या पाण्यात नारळाची बेटं. भाची दाराशी उभी होती. "आत ये" असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तहाची आठवण झाली आणि मी खिडकीबाहेर बघू लागले.

कुमठा गेलं आणि मग आलं 'गोकर्ण रोड' स्टेशन. कुठल्याही स्टेशनाच्या नावात 'रोड' आलं, की गाव अजून लांब आहे असं समजावं. तिथून रिक्षानं गावात.

गोकर्ण हे गंगावळी आणि अघनाशिनी या दोन नद्यांच्या मधलं लहानसं गाव. आज कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात. पण हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे मराठी इथं परकी नाही. दुकानदाराला मी कानडीत भाव विचारला, तर माझा सूर ऐकून त्यानं मराठीत उत्तर दिलं! देवळाकडे जाणाऱ्या मुख्य रस्त्याला इथं 'रथबीदी' म्हणतात. एका अंगाला भलाथोरला लाकडी रथ उभा, दोन्ही बाजूंना उतरत्या कौलांची जुनी घरं, ओट्यावर फुलं आणि केळीची पानं घेऊन बसलेल्या बायका. आणि त्यांच्या शेजारच्या दुकानात ॐ छापलेले गंजीफ्रॉक, रुद्राक्ष आणि सैल विजारी. एका पाटीवर 'शुद्ध शाकाहारी भोजन', पुढच्याच पाटीवर फलाफल. आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही.

महाबळेश्वराच्या दर्शनाला पुरुषांनी सदरा काढून, धोतर किंवा लुंगी नेसून जायचं. गाभाऱ्यात दिसण्यासारखं फारसं काही नाही. लिंग खाली आहे. दर्शन डोळ्यांपेक्षा बोटांनी घ्यायचं. रावणानं ते उपटायला इतका जोर लावला, की त्याचे तुकडे उडाले आणि जिथं पडले तिथं मुरुडेश्वर, धारेश्वर, गुणवंते अशी आणखी क्षेत्रं झाली, ही इथली कथा. जवळच महागणपती. रावणानं रागानं टोला मारला, त्याची खूण त्याच्या मस्तकावर दाखवतात. अतिबलवान माणसाला एका लहान मुलानं कसं गुंडाळलं, ती ही गोष्ट. भाची म्हणाली, "आत्या, म्हणजे लहानांवर विश्वास ठेवावा, असंच ना?" मी म्हटलं, "आधी प्रदक्षिणा घाल."

आणखी एक आठवण मराठी माणसानं इथं काढायलाच हवी. १६६५ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी आरमार घेऊन बसरूरची मोहीम केली. आयुष्यात त्यांनी स्वतः केलेली ही मोठी समुद्रमोहीम. परतताना शिवरात्रीच्या पर्वावर ते गोकर्णाला उतरले, समुद्रस्नान केलं आणि महाबळेश्वराचं दर्शन घेतलं. मी त्या वाळूवर उभी राहिले तेव्हा समोर मासेमारीच्या होड्या होत्या आणि पोरं क्रिकेट खेळत होती. पण लाटा त्याच असणार, नाही का?

पहिली रात्र ठरवलेल्या खोलीत काढली. दुसऱ्या दिवशी 'बघू'चा प्रयोग. एका गल्लीतल्या जुन्या घराच्या माडीवर खोली मिळाली. घरच्या आजींनी आधी मला न्याहाळलं, मग माझ्या पाठीवरच्या पिशवीला. "तुम्हीसुद्धा?" असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता. तासाभरानं त्याच आजींनी आम्हाला तंबळी आणि भात वाढला. घरी माझ्याकडे कुणी पाहुणा म्हणून येतो तेव्हा मी त्याला चादर देते. इथं मी कुणाचीच कुणी नव्हते आणि तरी मला चादर मिळाली. असं वाटायला माणसानं थोडं कमी सामान घेऊन निघावं लागतं.

गावाच्या दक्षिणेला जांभ्या दगडाची टेकडी आहे. ती ओलांडली की कुडले किनारा, आणखी एक चढण चढली की ॐच्या आकाराचा ॐ किनारा, त्याच्या पुढं अर्धचंद्र आणि पॅरडाइज. एकामागं एक लपलेले. पायवाटेनं चालत गेलं, तरच त्यांची गंमत. माझ्या गुडघ्यांनी कुरकुर केली. पण तहात तक्रारीला जागा नव्हती.

ही परदेशी मंडळी इथं आली कशी? १९६०-७० च्या दशकांत युरोपातली तरुण पोरं इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर अशी मजल दरमजल करत बसनं भारतात यायची. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्ष संपता संपता अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि ती वाट मिटली. पण तोवर गोव्याचे किनारे प्रसिद्ध झाले होते. 'लोनली प्लॅनेट'चं भारतावरचं मार्गदर्शक पुस्तक १९८१ मध्ये निघालं, आणि पाठपिशवीवाल्यांच्या हातात ते पोथीसारखं दिसू लागलं. पुढं गोवा गजबजला, तसे निवांतपणा शोधणारे खाली दक्षिणेला सरकले आणि त्यांना गोकर्ण सापडलं. आता गोकर्णही गजबजलंय. शनिवार-रविवारी बंगळूरच्या गाड्यांची रांग लागते आणि सोमवारी सकाळी वाळूत प्लास्टिकच्या बाटल्या उरतात. तेव्हा सगळा दोष गोऱ्यांच्या माथी मारू नये. मी बघितलं, त्या दिवशी कुडलेवर कचरा गोळा करणाऱ्यांत दोघं परदेशीही होते.

एक सकाळ आम्ही साणिकट्ट्याला गेलो. अघनाशिनीच्या खाडीकाठी मैलोगणती मिठागरं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, या खाचरातून त्या खाचरात फिरवत उन्हानं आटवायचं, मीठ धरलं की ओढून ढीग करायचे. आम्ही गेलो तेव्हा खाचरांची डागडुजी चालली होती. १९३० च्या एप्रिलात मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हा इथून जवळच्या अंकोल्यात लोकांनी कायदा मोडून मीठ उचललं होतं. ही अघनाशिनीची खाडी २०२४ मध्ये 'रामसर' यादीत, म्हणजे जगातल्या जपण्याजोग्या पाणथळ जागांत गेली. ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून बायका शिंपले वेचत होत्या. त्यांना त्या यादीचं काय. त्यांना संध्याकाळचं कालवण महत्त्वाचं.

बाजारात हालक्की वक्कलिग समाजाच्या बायका भाजी घेऊन बसतात. गळ्यात मण्यांच्या माळांचे थरावर थर, साडी खांद्यावर गाठ मारून नेसलेली. अंकोला तालुक्यातल्या सुक्री बोम्मगौडा याच समाजातल्या. शेकडो लोकगीतं त्यांच्या कंठात होती. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. झाडांची माय म्हणून नावाजलेल्या तुळशी गौडाही याच समाजातल्या, त्यांनाही पद्मश्री. मी एका म्हाताऱ्या भाजीवालीला विचारलं, "गावाहून रोज एकट्या येता?" ती हसून म्हणाली, "भाजी काय आपली आपण चालत येते?" भाचीनं माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट्यानं वांगी घेतली. ती शिजवायची कुठं, हा विचार नंतर.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गोष्ट घडली.

कुडले किनाऱ्यावर मी झावळीच्या सावलीत बसले होते. भाची पोहायला उतरली. ती उत्तम पोहते. सांगलीची पोर, भावानं तिला सहाव्या वर्षी पाठीला डबा बांधून कृष्णेत उतरवलं होतं. म्हणून मीही निर्धास्त होते. तिनं जागाही शहाण्यासारखी निवडली होती, असं आम्हा दोघींना वाटलं. डावी-उजवीकडे लाटा फुटत होत्या आणि मध्ये एक पट्टा शांत होता. ती त्या शांत पाण्यात गेली.

मी क्षणभर चष्मा पुसायला मान खाली घातली. वर बघते तो ती होती तिथं नव्हती. बरीच आत गेली होती. तिचा चेहरा माझ्याकडे, हात चाललेले. पण अंतर वाढतच होतं. पोरगी किनाऱ्याकडे पोहत होती आणि समुद्राकडे जात होती. मी ओरडले. आवाज फुटला की नाही, आठवत नाही. तेवढ्यात शिट्टी वाजली. जीवरक्षक पळत पाण्याशी गेला आणि दोन्ही हातांनी खुणा करू लागला. 'इकडे ये' अशी खूण नव्हती ती. तो बाजूला, किनाऱ्याला समांतर हात फेकत होता.

तिनं हात मारणं थांबवलं. ती थांबली तसं माझं काळीज थांबलं. मग ती उताणी झाली, थोडी तरंगली आणि आडवी पोहू लागली. हळूहळू शांत पट्ट्यातून फुटणाऱ्या लाटांत आली आणि लाटांनीच तिला किनाऱ्याकडे ढकललं. शेवटच्या टप्प्यात जीवरक्षकानं तिला धरलं. ती उतरली होती त्या जागेपासून चांगली लांब आम्ही तिला बाहेर घेतलं. सगळा प्रकार पाच-सात मिनिटांचा असेल. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत लांब दुपार.

तो मुलगा आधी तिला रागावला, मग मला. "अम्मा, लाटा फुटत नाहीत तिथंच ओढ असते."

नंतर मी त्याच्याकडून नीट समजून घेतलं, तुम्हीही घ्या. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. ते एका अरुंद पट्ट्यातून जोरानं समुद्राकडे जातं. वरून तो पट्टा शांत, थोडा गडद दिसतो. कधीकधी तिथला वेग सेकंदाला दोन मीटरच्याही वर जातो. पट्टीचा पोहणाराही त्याच्याशी झगडून जिंकत नाही. माणूस बुडतो तो ओढीनं नाही, दमून. म्हणून ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे पोहू नका. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडा. मग तिरकं या. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, तर या पाण्यात पायही घालू नये.

टपरीवर चहा घेताना भाचीच्या हातातला पेला वाजत होता. ती पहिलं वाक्य बोलली ते हे: "आत्या, बाबांना सांगू नकोस."

मला काय वाटलं, ते लपवत नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. कारण 'जबाबदारी माझी' असं मी म्हणाले होते. सांगितलं असतं तर भाऊ तिला म्हैसूरहूनच परत नेईल आणि मला जन्मभर ऐकवेल. नाही सांगितलं तर कुणाचं काय बिघडतं? पोरगी समोर धडधाकट बसली आहे.

पण एक घोट चहा पोटात गेल्यावर दुसरं सुचलं. उद्या ही खरोखर एकटी कुठं गेली आणि रात्री फोनवर म्हणाली, "मी ठीक आहे," तर मी ते खरं कसं मानू? आज आम्ही दोघींनी मिळून जी थाप मारू, ती तिच्या पुढच्या प्रत्येक 'ठीक आहे'त मिसळणार. आपल्या घरांत मुलींना बंधनं फार असतात हे खरं. पण त्याच्या जोडीला थापाही फार असतात, आणि त्या आपणच बायका एकमेकींना शिकवतो.

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "तू सांगशील."

संध्याकाळी कोटितीर्थाच्या पायरीवर बसून तिनं फोन लावला. मी शेजारीच होते. तिनं काही गाळलं नाही. मी चष्मा पुसत होते, हेसुद्धा! पलीकडे बराच वेळ शांतता. मग भावाचा आवाज, इतका हळू, की मला कान द्यावा लागला.

"मग बाहेर कशी आलीस?"

"तुम्ही शिकवलं होतं तशी. पाण्याशी भांडायचं नाही, तिरकं निघायचं. तो शिट्टीवाला हात करत होता, तेव्हा तुम्हीच घाटावरून ओरडताय असं वाटलं."

पुन्हा शांतता. चढत्या कृष्णेत पोहणारा सांगलीचा प्रत्येक माणूस हे जाणतो, की समोरचा काठ समोर गाठायचा नसतो. भावानं तिला ते सोळा वर्षांपूर्वी शिकवलं होतं आणि बहुधा विसरूनही गेला होता.

"आत्याला दे," तो म्हणाला. मी जीव मुठीत धरून फोन घेतला.

"ताई," तो म्हणाला, "जेवलीस का?"

त्यानंतर दोन रविवार त्याचा फोन आला नाही. तिसऱ्या रविवारी, दुसऱ्या चहानंतर आला.

"ती पुढच्या सुट्टीत पुन्हा कुठंतरी जायचं म्हणते. एकटी. तुला काय वाटतं?"

'तू समजाव' नव्हे, 'तुला काय वाटतं'! मी विचार करून ठेवलाच होता. तीन अटी सांगितल्या. पहिली, पहिल्या रात्रीचा मुक्काम ठरलेला, त्याचा पत्ता घरी, आणि पोचायचं ते उजेडात. दुसरी, रोज रात्री एक फोन आणि त्यात जे घडलं ते खरं. घरच्यांनीही ऐकून घ्यायचं, लगेच "परत ये" म्हणायचं नाही. तिसरी, पाण्यात, डोंगरात, रानात पाऊल टाकण्याआधी तिथल्याच माणसाला विचारायचं. २०२४ च्या जुलैत अंकोल्याजवळ शिरूरला भर महामार्गावर दरड कोसळून माणसं गेली. घाट आणि समुद्र यांना आपल्या रजेचं वेळापत्रक ठाऊक नसतं.

"दुसरी अट माझ्यासाठी आहे वाटतं," भाऊ म्हणाला.

"तिघांसाठी आहे."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काल माळा आवरत होतो. आजोबांची पडशी सापडली. एका बाजूला कसर लागलीय. टाकून देऊ?"

"टाकू नकोस," मी म्हटलं. "धुऊन ठेव. तिच्या पिशवीपेक्षा हलकी असेल ती."